साथीची आणेवारी कोणी करायची?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या मेळाव्याच्या पत्रिकेवर कापसाचा भाव आहे, पीक विमा आहे, विजेचे बिल आहे. त्यात 'साथीचा रोग आणि सार्वजनिक आरोग्य' हा विषय आम्ही मुद्दाम घालून घेतला. काही कार्यकर्त्यांनी विचारलेही, की करोना जाऊन वर्षे झाली, जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, आता ते मढे उकरून काय मिळणार? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की त्या साथीत आपल्या गावांतली माणसे किती गेली याचा खरा आकडा आजही कोणाजवळ नाही. ज्या घराला गेल्या हंगामात तोटा किती झाला हेच ठाऊक नाही, ते घर पुढच्या हंगामाची तयारी काय करणार?

आम्ही डॉक्टर नाही. आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे. औषध कोणते घ्यावे हे आम्ही सांगणार नाही. पण कीड कशी मोजायची हे आम्हाला शिकवले आहे, आणि तुम्हाला तर ते आमच्यापेक्षा जास्त कळते. साथ मोजायची रीत काही निराळी नाही. तेवढेच आज सांगायचे आहे.

पतंग आधी, कवडी शेवटी

२०१७ सालची गुलाबी बोंडअळी इथे बसलेला कोणी विसरलेला नाही. पऱ्हाटी हिरवीगार, बोंडे टपोरी, वरून पाहणाराला वाटावे की यंदा घर भरणार. वेचणीला गेलो तेव्हा हाती कवडी आली. अळी आत बसून सरकी खात होती आणि बाहेरून काही दिसत नव्हते.

त्यानंतर आपण काय शिकलो? एकरी दोन कामगंध सापळे लावायचे. रोज सकाळी त्यातले पतंग मोजायचे. सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ-दहा पतंग आले, की समजायचे पाणी डोक्यावरून जायला लागले. शेतात फिरून वीस हिरवी बोंडे तोडायची, फोडून पाहायची. दोन बोंडांत अळी निघाली, म्हणजे दहा टक्के झाले, आता थांबून चालणार नाही. पतंग आधी दिसतो, अळी नंतर, कवडी सगळ्यात शेवटी. कवडी मोजून जो फवारणीला निघतो त्याचा पैसाही जातो आणि पीकही जाते.

माणसाच्या साथीतही हाच क्रम असतो. करोनाचा विषाणू अंगात शिरला, की चार-पाच दिवसांनी ताप येई. माणूस आणखी दोन दिवस अंगावर काढी. मग तपासणी, मग तिचा अहवाल. ज्याचा आजार वाढायचा त्याला आठवडाभराने धाप लागे. आणि मृत्यू झालाच तर तो बहुधा ताप आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी. म्हणजे आज पेपरात मृत्यूंचा जो आकडा छापून येतो, तो आजचा नसतो. तीन आठवड्यांपूर्वी गावात काय चालले होते ते तो सांगतो. तो कवडीचा आकडा आहे.

मग पतंगाचा आकडा कोणता? गावात या आठवड्यात किती घरांत ताप-खोकला आहे, हा पहिला. आणि तपासलेल्या शंभर माणसांत किती बाधित निघाले, हा दुसरा. या दुसऱ्या आकड्याकडे नीट पाहा, कारण तिथे फसगत होते. समजा काल हजार जणांची तपासणी झाली आणि शंभर बाधित निघाले. आज चारशेच जणांची झाली आणि ऐंशी निघाले. बातमी येते, 'रुग्णसंख्या वीसने घटली'. खरे पाहता काल शंभरात दहा होते, आज शंभरात वीस झाले. साथ दुप्पट झाली आणि बातमी घटल्याची आली! सापळे काढून घेतले तर पतंग कमी दिसणारच. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगितले होते, की हे प्रमाण सलग दोन आठवडे शंभरात पाचाच्या खाली राहिले तरच साथ आटोक्यात आहे असे धरावे.

आणखी एक हिशेब. ज्वारी पेरली तर ती एका अंगाने वाढते, रोज थोडी थोडी. साथ तशी वाढत नाही, ती दुपटीने वाढते. तालुक्यात या आठवड्यात दहा रुग्ण असले आणि दर आठवड्याला दुप्पट झाले, तर पुढच्या आठवड्यात वीस, मग चाळीस, मग ऐंशी. दहा आठवड्यांनी दहा हजारांच्या वर. पहिल्या चार आठवड्यांत कोणालाच काही वाटत नाही. शेवटच्या चारांत दवाखान्यात खाट मिळत नाही. म्हणून पहिले चार आठवडे लाखमोलाचे.

वऱ्हाडातून हाक गेली होती

हे पुस्तकी ज्ञान नाही, आपल्याच मातीत घडलेले आहे. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडले. पहिली लाट सप्टेंबरात टेकीला गेली आणि उतरली. दिवाळी झाली, कापूस घरात आला, जानेवारी २०२१ मध्ये ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. साथ संपली असे सर्वांनी धरून चालले. १६ जानेवारीला लस सुरू झाली.

फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळ या जिल्ह्यांत रुग्ण पुन्हा वाढू लागले. मुंबई-पुण्यात अजून मोठी वाढ नव्हती. कोरडवाहू कापसाच्या या पट्ट्यात ती आधी दिसली. अमरावतीत २२ फेब्रुवारीपासून पुन्हा टाळेबंदी करावी लागली. सापळ्यात पतंग आले होते.

देशाने काय केले? मार्चच्या पहिल्या आठवड्यात केंद्राचे आरोग्यमंत्री सांगत होते, की महासाथ आता शेवटाला आली. २४ मार्चला केंद्राच्या आरोग्य खात्याने जाहीर केले, की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत विषाणूचे बदललेले रूप सापडले आहे आणि डिसेंबरपासून ते वाढते आहे. पुढे त्याच घराण्यातल्या विषाणूला 'डेल्टा' हे नाव पडले. तरी एप्रिलात देशात प्रचाराच्या सभा झाल्या, लाखोंच्या गर्दीचे मेळे झाले. १८ एप्रिलला एकट्या महाराष्ट्रात एका दिवसात ६८ हजारांहून अधिक रुग्ण निघाले. ६ मेला देशात एका दिवसात चार लाखांच्या वर. प्राणवायू नाही, खाट नाही, स्मशानात जागा नाही.

अमरावतीची टाळेबंदी ते देशाचा कळस, यात साधारण दहा-अकरा आठवडे गेले. मघाचा दुपटीचा हिशेब आठवा. तेवढा वेळ हातात होता. आपल्या जिल्ह्यांनी हाक दिली होती, ती कोणी ऐकली नाही. कापसाच्या भावाबद्दलची आपली हाक दिल्लीत पोचत नाही, याची आपल्याला सवय आहे. पण या वेळी न ऐकल्याचा भुर्दंड दिल्लीलाही बसला.

वहीत न आलेली माणसे

आता मोजणी कशी झाली ते पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने लोकांचे रक्त तपासून किती जणांना लागण होऊन गेली हे चार वेळा पाहिले. महाराष्ट्रातले सहा जिल्हे त्यात होते. बीड, परभणी, नांदेड, जळगाव, सांगली आणि अहमदनगर. सहातले चार तर आपल्या कापसाचे. देशभरचा निष्कर्ष असा, की मे-जून २०२० मध्ये लागण होऊन गेलेले शंभरात एकही पुरता नव्हता. ऑगस्ट-सप्टेंबरात सहा-सात झाले. डिसेंबर-जानेवारीत एकवीस. जून-जुलै २०२१ मध्ये शंभरात सदुसष्ट-अडुसष्ट, त्यात काही लसीमुळे. ऑगस्ट २०२० च्या सुमारास सरकारी वहीत एक रुग्ण नोंदला जाई, तेव्हा गावाशहरांत प्रत्यक्ष सव्वीस ते बत्तीस जणांना लागण झालेली असे. एका क्विंटलची काटापट्टी फाडायची आणि सव्वीस क्विंटल तसेच जायचे, असा हा व्यवहार.

मृत्यूंचे काय? २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनाने गेलेल्यांचा देशाचा सरकारी आकडा सुमारे ४ लाख ८० हजार. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये अंदाज दिला, की नेहमीपेक्षा जास्त झालेले मृत्यू सुमारे ४७ लाख. सरकारने तो साफ नाकारला. आपण दोघांचेही बाजूला ठेवू आणि सरकारचीच नोंदवही उघडू. जन्म-मृत्यू नोंदणीप्रमाणे देशात २०२० साली ८१ लाख मृत्यू नोंदले गेले आणि २०२१ साली १ कोटी २ लाख. एका वर्षात एकवीस लाखांची वाढ. त्या वर्षी करोनाच्या नावावर घातलेले मृत्यू साधारण ३ लाख ३० हजार. वाढलेले सगळे मृत्यू करोनाचेच, असे आम्ही म्हणत नाही. नोंदणी सुधारली हेही त्यात आहे. पण उरलेले सगळे कशाने गेले, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. आणि ही वही लोकांपुढे यायला २०२५ चा मे उजाडला!

त्या वहीतही कारणाचा रकाना रिकामाच. देशात नोंदल्या जाणाऱ्या शंभर मृत्यूंपैकी जेमतेम तेवीसांचे कारण डॉक्टरने लिहून दिलेले असते. बाकीचे घरी मेले, बाजेवर मेले. एप्रिल २०२१ मध्ये आम्ही गावोगाव ऐकत होतो, की टायफॉइड आहे. सलाईन लावले, चार दिवस बरे वाटले, पाचव्या दिवशी धाप लागली, तालुक्याला नेता नेता वाटेत गेला. तपासणी का नाही केली? केंद्र दूर, एसटी बंद. बाधित निघालो तर नेऊन टाकतील, घराला पाटी लावतील, मृगाच्या तोंडावर घरात बसावे लागेल. अडाणीपणाने लोक मागे राहिले नाहीत. त्यांनी हिशेब केला होता, आणि त्या हिशेबात तपासणी परवडत नव्हती.

नोंद नाही, तर हक्कही नाही

कोणी म्हणेल, मेलेला माणूस मोजला काय आणि न मोजला काय, तो काही परत येत नाही. खरे आहे. पण मागे राहिलेल्या बाईला विचारा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२१ साली करोनाने गेलेल्या माणसाच्या वारसाला ५० हजार रुपये मंजूर झाले. महाराष्ट्रात तर सरकारी मृत्यूंच्या आकड्यापेक्षा मदतीचे अर्ज जास्त आले. सरकारच्या आकड्याला लोकांनी दिलेले उत्तरच ते. पण ज्याची तपासणीच झाली नाही, ज्याच्या दाखल्यावर नुसता 'ताप' लिहिला, त्याच्या बायकोने कोणता कागद जोडायचा? सातबारा नवऱ्याच्या नावावर, सोसायटीचे कर्ज नवऱ्याच्या नावावर. वारस नोंद, फेरफार, बँकेतले पैसे, सगळ्याला मृत्यूचा दाखला लागतो. आणि आपल्याकडे कितीतरी घरांत तो काढलेलाच नसतो, कारण माणूस गेल्यावर कागदाच्या मागे धावायला कोणाचे मन होत नाही.

साथीचे नुकसान साथीच्या रुग्णापुरतेही थांबत नाही. २०१९ साली देशात क्षयरोगाचे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते. २०२० साली १८ लाख. क्षय कमी झाला नव्हता. शोधणारी माणसे दुसऱ्या कामाला जुंपलेली, दवाखाने बंद, गाड्या बंद. ते सहा लाख घरीच खोकत राहिले आणि घरातल्यांना देत राहिले. लसी चुकल्या, बाळंतपणे अडली, साखर-रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. त्यात मार्च २०२० च्या टाळेबंदीने कापसाची खरेदी थांबली. हमीभाव ५,५५० रुपयांचा. घरात पडलेला कापूस गरजवंताने त्याहून कितीतरी कमी भावाने व्यापाऱ्याला दिला. हाती पैसा नाही म्हणजे दवाखाना लांबला, आणि दवाखाना लांबला म्हणजे कर्ज वाढले. आरोग्याचा प्रश्न भावाच्या प्रश्नाहून वेगळा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या घरांचा ताळेबंद मांडून पाहावा.

शंभर वर्षांपूर्वीचा धडा

हे काही पहिल्यांदा घडले नाही. १९१८ साली पाऊस बुडाला, खरीप गेले. त्याच साली जूनमध्ये मुंबईच्या बंदरात तापाची साथ उतरली आणि रेल्वेने देशभर गेली. सप्टेंबर-ऑक्टोबरात ती दुसऱ्यांदा, जास्त जहरी होऊन आली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ माणसे गेली. देशात सर्वांत जास्त मार बसला तो मुंबई इलाख्याला आणि मध्यप्रांत-वऱ्हाडाला, म्हणजे तुमच्या-आमच्या पणजोबांना. आधी सरकारने सांगितले साठ लाख मेले. १९२१ ची शिरगणती झाली तेव्हा कळले, की आकडा सव्वा कोटीच्या घरात आहे. नंतरच्या अभ्यासकांनी तो पावणेदोन कोटींपर्यंत नेला. का चुकला पहिला आकडा? गावची नोंद करणाराच आजारी पडला किंवा मेला, आणि वही कोरी राहिली.

त्याआधी १८९७ चा पुण्याचा प्लेग. तेव्हा मोजणी झाली, पण ती शिपाई घरात घुसवून. लोकांनी रोगी लपवले, प्रेते लपवली. जी मोजणी दांडक्याने होते ती खोटी निघते, हा तो धडा. २०२० मध्येही घराला पाटी लावायच्या भीतीने लोकांनी ताप लपवलाच ना? ज्याच्यावर गावाचा विश्वास आहे त्यानेच मोजले, तरच गाव खरे सांगते.

मग करायचे काय?

आपली चळवळ उभी राहिली तीच मुळी मोजण्यातून. पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी म्हणत होता, नशीब खोटे. क्विंटलमागे खर्च किती येतो हे कागदावर मांडले, तेव्हा कळले की खोटे नशीब नाही, खोटा भाव आहे. आणेवारीचा अनुभवही आपल्याजवळ आहे. साहेब रस्त्यावरून गाडीतून नजर टाकणार आणि आपले पीक पन्नास पैशांच्या वर आहे म्हणून लिहिणार, हे आपण वर्षानुवर्षे भोगले. साथीची आणेवारीही गाडीतूनच होत असेल, तर ती आपण बांधावर उभे राहून केली पाहिजे. त्यासाठी चार कामे मांडतो. एकालाही सरकारची परवानगी लागत नाही.

पहिले काम, तापाची वही. गावात एक साधी वही. दर आठवडी बाजाराच्या दिवशी आशाताई, अंगणवाडीताई आणि आपला एक कार्यकर्ता यांनी तीन आकडे लिहायचे: या आठवड्यात ताप-खोकला किती घरांत, धाप लागलेली माणसे किती, मृत्यू किती. नावे लिहायची नाहीत, नुसते आकडे. नाव लिहिले की लोक लपवतात. ताईंना आधीच ढीगभर रजिस्टरे आहेत, तेव्हा लिहायचे काम कार्यकर्त्याने करावे, त्यांच्यावर ओझे टाकू नये.

दुसरे काम, पातळी ठरवणे. वर्षभर वही लिहिली, की आपल्या गावात कोणत्या महिन्यात साधारण किती घरांत ताप असतो ते कळेल. त्याच्या दुप्पट आकडा सलग दोन आठवडे आला, तर प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी कळवायचे आणि पोच घ्यायची. ही पातळी आम्ही सुचवलेली आहे, शास्त्रज्ञांनी ठरवलेली नाही. डॉक्टरांशी बोलून ती बदलता येईल. करोनाच असेल असे नाही, डेंग्यू असेल, दूषित पाण्याची साथ असेल. वही सगळ्यांना चालते.

तिसरे काम, एकही मृत्यू नोंदीवाचून राहू द्यायचा नाही. कायदा १९६९ पासून आहे. एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करायची. तीस दिवस उलटले की परवानग्या लागतात, वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. घरी मृत्यू झाला आणि आधी कोणा डॉक्टरचे औषध चालू असले, तर त्याच्याकडून कारणाचा दाखला मागायचा. घरच्या मृत्यूसाठी तो नमुना ४-अ असतो. घरचे लोक दुःखात असतात. हे काम गावातल्या शाखेने अंगावर घ्यावे, जसे तिरडी बांधायला शेजारी येतो तसे.

चौथे काम, मागचा हिशेब. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतून २०१८ आणि २०१९ चे मृत्यू मोजा, २०२० आणि २०२१ चे मोजा, शेजारी शेजारी मांडा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. ज्या घरांची नोंद राहिली असेल त्यांची यादी करा. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक शाखेने हा कागद आणावा. शंभर गावांचे कागद एकत्र झाले, की जिल्हाधिकाऱ्यांपुढे आपण तक्रार घेऊन जाणार नाही, हिशेब घेऊन जाऊ. हिशेबाला उत्तर द्यावे लागते.

आणि त्या हिशेबाबरोबर एकच मागणी. आपल्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरची, परिचारिकेची, तपासनीसाची मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे केंद्राच्या दारावर लिहून लावा. आपल्याला फुकटाचे काही नको. कागदावर जे आधीच मंजूर आहे ते जागेवर दिसू द्या.

मायबहिणींनो, शेवटचे तुम्हाला सांगतो. घरात ताप कोणाला आहे हे सगळ्यात आधी तुम्हाला कळते. सापळ्यातला पतंग तुम्ही आधी पाहता. म्हणून ही वही तुमच्या हातात असली पाहिजे. पुढची साथ कोणती येईल आणि कधी येईल ते आम्ही सांगू शकत नाही. पण ती येईल तेव्हा अहवाल छापून यायची वाट पाहत आपण बसलेलो नसू. आज मेळावा संपताना ज्या शाखा या कामाला तयार आहेत, त्यांनी दाराजवळच्या टेबलावर आपल्या गावाचे नाव लिहून द्यावे. तिथे कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत.